आधी भिंत धर, मग वजन उचल

आमच्या नाटकात दोन भाऊ आहेत. कळव्यात त्यांचं नेपथ्याच्या सामानाचं गोदाम, काळ नव्वदच्या दशकातला. दुसऱ्या अंकात वाटणी होते आणि धाकटा निघून जातो. वाटणीचा प्रवेश संपला की गोदाम हलवून तिथे थोरल्याचं घर उभं करायचं. त्याला वेळ लागणार. तेवढ्या अंधारात प्रेक्षकांनी मोबाइल काढून बसू नये म्हणून दिग्दर्शकांना एक गाणं हवं होतं.

"साडेतीन मिनिटं धर," ते म्हणाले. "पण नुसती भरती नको गं. विष्णुदास भाव्यांच्या नाटकात सूत्रधार गायचा आणि गोष्ट पुढे सरकायची. तसं पाहिजे. धाकटा का जातो ते मला संवादात सांगायचं नाहीये. ते तू गाण्यात सांग."

मी दिवसभर एका पतसंस्थेत हिशेब बघते आणि संध्याकाळी या हौशी संस्थेसाठी गाणी लिहिते. तालमी ठाण्याच्या चरईतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये चालायच्या. आमचा संगीतकार ऐरोलीचा, वयाने माझ्या भाच्याएवढा. त्याने चाल आधीच करून ठेवली होती: केरवा, म्हणजे आठ मात्रांचं आवर्तन, आणि एका ओळीला दोन आवर्तनं. थोडक्यात सोळा मात्रांत बसेल असं काहीतरी लिहायचं होतं.

लिहायला बसण्याआधी मी वहीच्या पहिल्या पानावर काही शब्दांना बंदी घातली. पडदा, मुखवटा, रंगमंच, कठपुतळी, सूत्रधार, टाळ्या. नाटकवाल्यांवर गाणं म्हटलं की हे सगळे बोलावल्याशिवाय येऊन बसतात. जग ही रंगभूमी आणि आपण सारे नट, हे इतक्या वेळा म्हणून झालंय की गायकाने तोंड उघडायच्या आत श्रोत्याने मान डोलावलेली असते. मान डोलावली म्हणजे त्याने ऐकणं सोडलं, असा माझा अनुभव आहे. शिवाय ही सगळी प्रतिमासृष्टी खुर्चीत बसलेल्या माणसाची. गोदामवाल्याला मखमली पडद्यात जीवनाचं रहस्य दिसत नाही. धूळ दिसते, उंदरांनी कुरतडलेली कड दिसते आणि धुलाईचं बिल दिसतं. दोन भावांचं भांडण गायचं तर त्यांच्या हाताखालचं सामान पाहिजे होतं, आणि ते मला नीट माहीत नव्हतं. नाटकाच्या वर्तुळात इतकी वर्षं असून मी विंगेत उभी राहायची ती फक्त माझं गाणं कसं वाजतंय ते ऐकायला.

आमचं नेपथ्य लावणारे मामा (त्यांना सगळे मामाच म्हणतात, दिग्दर्शकही) गडकरी रंगायतनला दुसऱ्या एका संस्थेच्या कामावर जायचे. त्यांना म्हटलं, मला एका रविवारी बसू द्या. मामा म्हणाले, "बसा की. पण पायात येऊ नका, आणि चपला बाहेर."

तलावपाळीवरचं हे नाट्यगृह 1978 सालचं. ज्यांचं नाव त्याला दिलंय ते राम गणेश गडकरी नाटककार होतेच, पण 'गोविंदाग्रज' या नावाने कविताही लिहायचे. गाणं लिहायला आलेल्या बाईला एवढा आधार पुरला. रविवारी तिथे दुपारचा प्रयोग उतरतो आणि रात्रीचा चढतो, आणि मधला जो वेळ असतो तो बघण्यासारखा असतो. एका नाटकाचा दिवाणखाना टेम्पोत जातोय, दुसऱ्याचा वाडा टेम्पोतून उतरतोय, दोघांना एकाच दारातून जायचंय. घरातला सोफा दोघांच्या खांद्यावरून निघालेला, त्यावर भिंतीवरचं घड्याळ ठेवलेलं, घड्याळात कायमचे पावणेसात. कोणीतरी "वाट द्या, वाट द्या" करत कोनाड्यासकट देव्हारा घेऊन जातं. फळीवर, म्हणजे रंगमंचाच्या लाकडी जमिनीवर, घाम, रंगाचा वास आणि चहाचे कागदी कप.

मी विंगेच्या कडेला एका पेटीवर बसले आणि लिहीत गेले. सवय पतसंस्थेची, त्यामुळे पानावर आपोआप रकाने पडले. पहिल्या रकान्यात वस्तू. दुसऱ्यात ती करते काय. तिसऱ्यात ती बिघडते कशी. चौथा रकाना तिथेच बसल्या बसल्या सुचला: काढताना काय मागे ठेवते. गाण्याच्या दृष्टीने पहिला रकाना जवळजवळ निरुपयोगी होता. "सुतळी", "खिळा", "ब्रेस" असे शब्द गाण्यात पेरले की वातावरण तयार होतं, पण अर्थ तयार होत नाही. रूपक निघतं ते तिसऱ्या आणि चौथ्या रकान्यातून. वस्तू दिसते कशी याच्यावर लिहिलेली ओळ सजावटीची होते. वस्तू वागते कशी याच्यावर लिहिली की माणूस आपोआप मध्ये येतो.

सगळ्यात आधी आली टेप.

गॅफर टेप म्हणजे कापडाच्या पोटाची, चमक नसलेली, बहुतेक काळी. कात्री लागत नाही, हाताने टर्रकन फाटते. केबल फळीला चिकटवायची, कार्पेटची कड दाबायची, नटाने कुठे उभं राहायचं त्याची खूण करायची, सगळ्याला तीच. महाग असते. तिचं महागपण चिकटण्याचं नाहीच, खाकी पॅकिंग टेपही घट्ट चिकटते. गॅफर टेपचे पैसे असतात ते सुटण्याचे. ओढली की सगळी निघते आणि फळीवर काही राहत नाही. खाकी टेप किंवा डबल टेप मारली की प्लास्टिक निघून येतं आणि गोंद तिथेच. त्यातून वर दिव्यांची उष्णता असेल किंवा टेप बरेच दिवस तशीच राहिली असेल तर विचारू नका. मामांनी मला फळीवरचा एक काळपट चौकोन दाखवला. "ही कोणाची तरी काटकसर," म्हणाले. "टेप गेली. गोंदावर धूळ बसली. आता रॉकेल लावून घासा, तेव्हा जाईल. तेही जाईल का नाही."

हे ऐकलं आणि धाकट्याचा अंतरा जवळजवळ तिथेच लिहून झाला:

चिकटलो तर असे चिकटू
ओढलं तरी सुटणार नाही
सुटलो तर असे सुटू
फळीवर डाग उरणार नाही

ही धाकट्याची बढाई. भावाभावांनी वेगळं होताना जी सभ्य वाक्यं बोलायची असतात त्यातली. थोरल्याने याला उत्तर द्यायला हवं होतं, आणि उत्तर मामांच्या चौकोनात होतंच:

आपली टेप स्वस्तातली रे
निघाली, पण गोंद राहिला
गोंदावरती धूळ बसली
तेवढा दिसतो चौकोन काळा

'राहिला' आणि 'काळा' हे यमक कच्चं आहे, मला माहीत आहे. संगीतकाराने दोन-तीन वेळा आठवण करून दिली. पण थोरला भाऊ यमकं जुळवत बसणारा माणूस नाही, तेव्हा मी ते तसंच ठेवलं. "गॅफर" हा शब्द मात्र मी गाण्यात येऊ दिला नाही. गाणाऱ्याच्या तोंडात तो अडकतो आणि प्रेक्षकातल्या निम्म्यांना तो शब्द म्हणजे कोण हे कळत नाही. टेप सगळ्यांना कळते. स्वस्तातली टेप तर फारच कळते.

दुसरी वस्तू म्हणजे जिलेटिन, दिव्यापुढे लावायचा रंगीत कागद. हा विषय मी मामांकडून घेतला नाही, कारण दिवे हे मामांच्या दृष्टीने परकं खातं. "ते लाइटवाल्याला विचारा, ते लोक वेगळे," एवढंच ते म्हणाले. लाइटवाले दादा चहा पीत बसले होते. त्यांच्याजवळ स्टेजवरचा एक जुना दिवा होता, 'पार' जातीचा, पार 64. चौसष्ट हा आकडा इंचाच्या आठव्या भागांचा, म्हणजे दिव्याचा व्यास आठ इंच. आत हजार वॅटचा बल्ब. दादांनी त्याच्यापुढची चौकट काढून आतला कागद दाखवला. गडद निळा, आणि बरोबर मधोमध फिक्कट पडलेला, जरा सुरकुतलेलाही.

"निळा लवकर मरतो," दादा म्हणाले.

का, ते त्यांनी समजावलं. आपल्याला वाटतं कागद उजेडाला रंग देतो. तो काही देत नाही. पांढऱ्या उजेडात सगळे रंग असतातच. निळा कागद निळं तेवढं जाऊ देतो आणि तांबडं, पिवळं, हिरवं स्वतःत जिरवून घेतो. जिरवलेल्याची उष्णता होते आणि त्या उष्णतेने कागद जळतो. रंग जितका गडद तितकं अडवणं जास्त, म्हणून गडद कागदाचं आयुष्य कमी. काँगो ब्लू म्हणून एक जांभळट निळा असतो, त्यातून शंभरातला एखादा भाग उजेडही धड बाहेर येत नाही. रात्रीचं म्हणून आपण जे बघतो ते बहुतेक सगळं अडवलेलं असतं.

मी तिथे बराच वेळ तो कागद हातात धरून होते. थोरला भाऊ कसा आहे हे नाटककाराने दोन अंक लिहून सांगितलं होतं, आणि इथे ते एका चौकटीत मिळालं. थोरल्याने धाकट्याला वाढवलं, "घडवलं" असं तो सारखा म्हणतो. धाकट्याच्या बाजूने बघितलं तर त्याने नुसतं अडवलं. नाटकात काम करायचं नाही, मुंबईला जायचं नाही, तिच्याशी लग्न करायचं नाही. सगळं अडवून जे उरलं त्याला थोरला म्हणतो, हा बघा माझा भाऊ, मी घडवला. आणि हे सगळं स्वतःत जिरवताना तोही मधोमध जळालाच आहे, हे धाकट्याला दिसत नाही.

कागद कुठला देतो रंग
कागद नुसता अडवुन धरतो
तांबडं पिवळं गिळतो सारं
उरतं त्याला निळं म्हणतो

यापुढच्या दोन ओळी कागद मधोमध फिका पडल्याच्या होत्या. त्या मी लिहिल्या, मग काढल्या, मग थोरल्याच्या तोंडी घालून परत आणल्या. स्वतःच्या जळण्याबद्दल धाकट्याने गावं की थोरल्याने, यावर माझं आणि दिग्दर्शकांचं चांगलंच वाजलं. धाकट्याने गायलं तर ते समजूतदार होतं, आणि समजूतदार माणूस घर सोडून जात नाही, असं माझं म्हणणं. शेवटी ते माझ्या बाजूला आले, पण तालमीत दोन्हीकडून ऐकल्यावरच.

आमच्या संस्थेत प्रकाशयोजना बघणारा मुलगा मात्र हे कडवं ऐकून हसला. "ताई, एलईडीला कुठलं आलं जिलेटिन?" त्याचं बरोबर होतं. एलईडी दिव्यात लाल, हिरवा, निळा असे वेगवेगळे उत्सर्जकच असतात. निळा हवा तर निळा पेटतो, बाकीचे बंद. तिथे काही अडवलं जात नाही, की जळतही नाही. म्हणजे माझं कडवं नव्या दिव्यांना लागू होत नाही. मी म्हटलं, आपलं नाटक नव्वदच्या दशकातलं आहे, तेव्हा गोदामात पार आणि जिलेटिनच असणार. तो म्हणाला, पण प्रयोगात तर तुम्ही हे गाणं माझ्या एलईडीच्या निळ्यात गाणार. त्यावर आम्ही दोन जुने पार भाड्याने आणले आणि त्या कडव्यापुरते लावले. खर्चाला खजिनदारांनी नाक मुरडलं, पण हा हट्ट मला योग्य वाटतो. ज्या वस्तूवर गाणं आहे ती वस्तू निदान त्या क्षणी काम करत असली पाहिजे. जुन्या दिव्याचा आणखी एक गुण आपसूक मिळाला. डिमरवर खाली आणत गेलं की तो विझता विझता नारिंगी होत जातो, आणि निळ्या कागदाला त्यातलं जाऊ देण्यासारखं काही उरत नाही. कडव्याच्या शेवटी तो निळा जो मळकट होतो, तो कोणी ठरवून केलेला नाही.

खिळ्याचं कडवं सुतारांकडून आलं. सेट उतरवल्यावर एक पोरगा खाली बसून फळ्यांतले खिळे उपटत होता आणि वाकडे झालेले कडेला टाकत होता. सुतारांनी ते गोळा केले, एकेक खिळा लोखंडी वजनावर आडवा धरून हातोडीने हळूहळू ठोकून सरळ करायला घेतला. मी विचारलं, परत वापरता? "वापरतो. पण नाजूक कामाला नाही. सरळ केला तरी ठोकताना तिथेच वाकतो, जिथे आधी वाकला होता." माझ्या वडिलांची आणि काकांची भांडणं अशीच असायची. विषय कुठलाही निघो, जेवणातलं मीठ निघो, दहा मिनिटांत गाडी विहिरीवर. घरच्यांनी समेट करून दिला की पुढच्या वेळी पुन्हा विहीर. तेव्हा ही ओळ शोधावी लागली नाही:

ठोकुन केला सरळ खिळा तरी
वाकतो पुन्हा जुन्याच जागी

आता ध्रुवपद. ते माझं नाहीच, खरं तर.

फ्लॅट म्हणजे लाकडी चौकटीवर मांजरपाट ताणून किंवा प्लाय मारून रंगवलेली भिंत. समोरून पक्की, मागून पोकळ. मागच्या बाजूला अजूनही कुठकुठल्या जुन्या नाटकांची नावं खडूने लिहिलेली सापडतात. ती उभी राहते ती मागच्या तिरक्या ब्रेसवर, आणि ब्रेस जागेवर राहावा म्हणून त्याच्या पायावर लोखंडी वजन. त्या रविवारी एक नवा मुलगा कामावर होता. घाई चाललेली. तो भराभर वजनं उचलून एका बाजूला ठेवायला लागला. मामा फळीच्या दुसऱ्या टोकाहून ओरडले:

"अरे आधी भिंत धर! मग वजन उचल!"

पोरगा जागेवर थिजला. दोघांनी धावत जाऊन फ्लॅट धरला. काही झालं नाही, काम पुढे चालू. मामांच्या दृष्टीने ती दिवसातून शंभर वेळा द्यायची सूचना. मला मात्र वहीत लिहिताना हात थांबेना, कारण वाटणीच्या प्रवेशात नेमकं हेच घडत होतं. धाकटा निघतो ते बरोबरच आहे, नाटकही त्याच्याच बाजूचं आहे. प्रश्न त्याच्या जाण्याचा नसून जाण्याच्या क्रमाचा आहे. तो वजन आधी उचलतो. घर त्याच्यावर उभं होतं हे त्याला किंवा कोणालाच समोरून दिसत नव्हतं, कारण ब्रेस मागे असतो.

आधी भिंत धर रे भावा
मग वजन उचल

मी फक्त "रे भावा" घातलं. बाकी सगळं मामांचं. संगीतकाराला पहिली ओळ आवडली, दुसरी तोकडी वाटली; सोळा मात्रांच्या चालीत दुसऱ्या ओळीला निम्मंच सामान. त्याने सुचवलं, "मग हलकेच वजन उचल". मी नाही म्हटलं. ओरडून दिलेल्या सूचनेत "हलकेच" कोण म्हणतं? मग त्यानेच तोड काढली. ओळ तोकडीच ठेवली आणि उरलेल्या मात्रांत काही न गाता फळीवर प्रत्यक्ष वजन ठेवल्याचा आवाज घेतला. धप्प. तो आवाज सेट बदलणाऱ्या पोरांनीच करायचा, तालात. त्यांना ताल सांभाळून वजन ठेवायला शिकवणं हे या सगळ्या उद्योगातलं सगळ्यात अवघड काम ठरलं, पण ते माझं खातं नव्हतं.

गाण्यात न आलेल्या वस्तूंची यादी यापेक्षा मोठी आहे. कोरड्या बर्फाचा मोह फार होता. उणे 78.5 अंश सेल्सिअसला तो वितळत नाही, सरळ वायू होतो, आणि फळीवर जो दाट पांढरा धूर सरपटतो तो त्या वायूचा नसतोच. हवेतल्या आणि गरम पाण्यातल्या वाफेचे थंडीने बारीक थेंब होतात, ते तसे दिसतात. म्हणजे दिसतंय एक आणि आहे भलतंच. गाणं लिहिणाऱ्याला आणखी काय हवं? पण हे समजावायलाच चार ओळी गेल्या असत्या. ज्या रूपकाला आधी शास्त्राचा तास घ्यावा लागतो ते गाण्यात नको, लेखात चालेल. तसं ते आत्ता चालून गेलंच.

अंधारात पायऱ्यांच्या कडेला लावतात ती चमकणारी पट्टी, जिला सगळे रेडियम म्हणतात, तीही वगळली. ती आधी उजेड पिऊन घेते आणि अंधार झाल्यावर थोडा थोडा परत देते. यावर मी दोन ओळी लिहिल्या, आणि दिग्दर्शक एकदम खूश. "वा, हीच ध्रुवपदाला घे!" मला नेमकी त्याचीच भीती वाटली. ओळ इतकी गोड होती की शाळेच्या फळ्यावर रोजचा सुविचार म्हणून लिहिता आली असती, कोणत्याही भावाच्या कोणत्याही भांडणाला लागली असती. माझी कसोटी साधी आहे: ओळ या दोघांच्या गोदामातून उचलून दुसऱ्या नाटकात ठेवली आणि तिथेही ती जशीच्या तशी शोभली, तर ती इथली नाही. रेडियम गेलं. दिग्दर्शक अजूनही कधी कधी त्याची आठवण काढतात.

कडवी बांधून झाल्यावर नेहमीचा प्रश्न आला. वाचनाला आमच्या कार्यकारिणीतल्या एक ज्येष्ठ बाई होत्या. त्या म्हणाल्या, "छान आहे, पण हे ब्रेस, वजन, जिलेटिन समोर बसलेल्याला कळणार का? तो कधी विंगेत गेलाय?"

मी त्यांना सेना न्हाव्यांचा अभंग आठवून दिला. विवेकाचा आरसा दाखवू, वैराग्याचा चिमटा हलवू, म्हणत सगळी हजामतीची पेटी त्यांनी विठ्ठलापुढे उघडली. नरहरी सोनारांनी देहाची बागेसरी केली, त्रिगुणांची मूस केली. बागेसरी म्हणजे सोनाराची शेगडी हे आज अभंग गाणाऱ्या किती जणांना सांगता येईल? तरी अभंग अडत नाही. कारण नरहरींनी बागेसरीचं वर्णन केलेलं नाही, तिच्यावर सोनं ठेवलंय. आत काहीतरी तापतंय, आटतंय, शुद्ध होतंय एवढं ऐकणाऱ्याला क्रियापदांतून पोचतं. वस्तू अनोळखी असली तरी चालते, तिचं काम ओळखीचं पाहिजे. आणि हत्यारं त्यांची रोजची असल्यामुळे त्यांना ती मुद्दाम सुंदर करावी लागली नाहीत. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "संतांची गोष्ट वेगळी गं." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण जिलेटिनच्या जागी मी "कागद" आणि ब्रेसच्या जागी नुसतं "भिंत" आणि "वजन" आधीच ठेवलं होतं, त्यामुळे बाईंचा अर्धा आक्षेप आपोआप मिटला.

राहता राहिला गळा. धाकट्याचं काम करणारा नट ठाण्यातलाच, बँकेत नोकरी, भजनी मंडळात गाऊन आवाज खुला झालेला. त्याला "अडवुन धरतो" मधला 'डवु' द्रुतात नीट बोलता येईना. मी शब्द बदलायला तयार होते, पण "रोखून", "थोपवून" हे शब्द त्या माणसाच्या तोंडचे वाटेनात. शेवटी लय किंचित खाली आणली. चालीपेक्षा शब्द मोठा, असं संगीतकार पहिल्यांदाच म्हणाला. मी ते तारखेसकट लिहून ठेवलंय.

पहिला प्रयोग घोडबंदर रोडवरच्या काशिनाथ घाणेकर नाट्यगृहात झाला, पुढचा वाशीला विष्णुदास भावे नाट्यगृहात. घाणेकरला साडेतीन मिनिटांचं गाणं बरोबर पुरलं. वाशीला मात्र तोवर पोरांचा हात बसला होता, आणि वजनं तालात ठेवायची म्हणून आधीपासून हाताशी लावून घेण्याची त्यांना सवय झाली होती. परिणाम असा की खिळ्याचं कडवं सुरू व्हायच्या आतच घर उभं राहिलं. देव्हारा जागेवर, घड्याळ भिंतीवर, नटी चहाचा ट्रे घेऊन विंगेत तयार, आणि आमचे दोघे भाऊ अंधारात गातायत. मामा विंगेतून हाताने "आटपा, आटपा" करत होते. प्रेक्षकांना अर्थात काही कळलं नाही, पण सजलेलं घर दोन मिनिटं बिनकामाचं उभं राहिलेलं दिग्दर्शकांना बघवलं नाही.

तेव्हापासून ठरलंय. संगीतकार कीबोर्डवरून मामांकडे बघतो. मामांनी मूठ दाखवली की सेट अजून व्हायचाय, अंगठा दाखवला की झालाय. त्याप्रमाणे तो थेट ध्रुवपदावर येतो किंवा खिळ्यावर जातो. माझं सगळ्यात आवडतं कडवं ते, आणि ते गायचं की नाही हे आता टेम्पो किती वाजता पोचला आणि पोरं किती आली यावर ठरतं. क्यू शीटमध्ये, म्हणजे प्रयोगातल्या सूचनांच्या यादीत, त्याच्यापुढे प्रकाशयोजनावाल्या मुलाने लाल पेनाने लिहून ठेवलंय: खिळा, सेट लागला नसेल तरच.